बरडावरचं कडं

रिसोडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची नोकरी लागली आणि मी खोली शोधत एका घरी गेले. लग्न झालंय का, मांस-मच्छी खाता का, भेटायला कोण कोण येणार, यातलं काहीच घरमालकांनी विचारलं नाही. त्यांनी मला वरच्या मजल्याचा जिना चढायला लावला, मग उतरायला लावला, आणि तेवढा वेळ स्वतः स्वयंपाकघराच्या भिंतीकडे टक लावून उभे राहिले. मी खाली आल्यावर निकाल दिला, "चढताना ठीक हाये म्याडम. उतरताना टाच आपटता. टाच सांभाळसान त खोली तुमची."

मी साताऱ्याकडची. वऱ्हाडातली माणसं तोंडावर बोलतात हे ऐकलं होतं, पण टाचेपासून सुरुवात होईल असं वाटलं नव्हतं.

भिंतीवर काय होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. घरमालकांना सगळे सर म्हणत. सरांनी मधल्या खोलीची फरशी काढून पार मुरूम लागेपर्यंत खड्डा घेतला होता आणि त्यात सिमेंटचा एक खांब उभा केला होता. खांब घराला कुठंच शिवत नव्हता. खांबावर एक छोटा लेझर बसवला होता. त्याचा लाल ठिपका दारातून थेट स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवर चिकटवलेल्या आलेख-कागदावर पडायचा. खांब मुरमावर, घर काळ्या मातीवर. घर हाललं की ठिपका सरकायचा. जिन्यावर कोण आहे, गल्लीतून ट्रॅक्टर गेला की मोटरसायकल, हे सर ठिपक्याकडे बघून सांगत. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे मे महिन्यात मिसळणाच्या डब्याशेजारी असलेला ठिपका श्रावणापर्यंत कॅलेंडरच्या दिशेनं निघालेला असे. हे सगळं सर कौतुकानं दाखवत. आपलं घर वर्षातून एकदा उठतं आणि एकदा बसतं याचा इतका अभिमान असलेला घरमालक मी दुसरा पाहिला नाही.

सरांच्या पत्नी, काकू, मात्र रोज त्या लेझरखालून वाकून जायच्या. "माह्या सासूचा देव्हारा होता तिथं," त्या मला म्हणाल्या. "यायनं खांब उभा केला. देवाले हात जोडासाठी वाकत होतो, आता दिव्यासाठी वाकतो." कधी राग आला की मुद्दाम टॉवेल वाळत घालायच्या, नेमका त्या दिव्याच्या वाटेत. मग आतून हाक यायची, "अवं, माहा उजेड कुठी गेला?"

सरांची उभी हयात परराज्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत गेली होती. तिथं सिंक्रोट्रॉन नावाचं यंत्र होतं. हे कळायला फार अवघड नाही. निदान सर सांगायचे तेव्हा तरी नव्हतं. इलेक्ट्रॉन एका गोल नळीत प्रकाशाच्या जवळपास वेगानं पळवायचे आणि चुंबकांनी वळवत ठेवायचे. वळताना ते फार तेजस्वी क्ष-किरण फेकतात. "सरळ जाणारा इलेक्ट्रॉन काईच देत नाई," सर म्हणायचे. "त्याले वळवलं का मंग उजेड देते." हे वाक्य ते इलेक्ट्रॉनांपुरतं ठेवत नसत. आमचे प्राचार्य, नगरपरिषद, मी, सगळ्यांवर त्याचा प्रयोग होई.

त्या मोठ्या यंत्रात सर चुंबकांच्या जागा जुळवायचं काम करत. निवृत्त होऊन रिसोडला परतले ते डोक्यात एकच गोष्ट घेऊन: आता स्वतःचं एक यंत्र आखायचं. लहानसं, कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये मावेल एवढं. त्या यंत्राच्या एका खिडकीत बारीक वस्तू घडवायच्या आणि दुसऱ्या खिडकीत तपासायच्या. घडवायच्या म्हणजे कशा, तर रांगोळीचा छाप ठेवून वरून रांगोळी टाकतात तसा एक सूक्ष्म छाप ठेवायचा आणि त्यातून क्ष-किरण सोडून खालच्या प्लास्टिकवर आकार कोरायचा. खसखशीच्या दाण्यावर मावतील अशी दातेरी चाकं, टोचलेली कळणार नाही अशा सुया. गोल नळीला ते 'कडं' म्हणत.

"मले जन्मात एक कडं केलं नाई," काकू म्हणायच्या, "आन आता जमिनीले घालून राह्यले."

त्यांच्याकडे काचेच्या कुपीत तसलं एक चाक होतं, जुन्या सहकाऱ्यानं भेट दिलेलं. एकदा काकूंना दाखवायला म्हणून सरांनी कुपी उघडली. काकू फोडणी टाकत होत्या. मिरचीचा ठसका लागला, काकू शिंकल्या आणि चाक गेलं. सरांनी झाडू मारायला बंदी केली. भिंग घेऊन ते ओट्यावर, ओट्याखाली, डाळीच्या डब्यात शोधत होते. शेजारची बाई विचारायला आली तेव्हा काकूंनी तिला शांतपणे समजावलं, "चाक हारपलं. घरातच हारपलं. केवढं होतं त दिसत नाई एवढं होतं." त्या दिवशीचं वरण सरांनी गाळून खाल्लं.

मी कॉलेजात सिंक्रोट्रॉन शिकवायला घेतलं तर सर स्वतःहून वर्गावर आले. वर्गात जागा पुरेना म्हणून मुलांना मैदानावर नेलं. फक्कीनं मोठं वर्तुळ आखलं. खेळाचे शिक्षक खूश झाले. त्यांना वाटलं धावपट्टी आखून मिळतेय. सरांनी मुलांना खिशात सोयाबीन भरायला लावलं (काकूंच्या कोठीतलं, न विचारता) आणि सांगितलं, "पळा. वळण आलं का मूठभर सोयाबीन नाकासमोर फेका. मधात नाई, बाजूले नाई, नाकासमोर." मुलं पळाली. सोयाबीन प्रत्येक वळणावर वर्तुळाबाहेर सरळ रेषेत जाऊन पडलं. उजेड कुठल्या दिशेला निघतो हे त्या वर्गाला परीक्षेपर्यंत पाठ राहिलं. कबुतरांनाही राहिलं. ती बरेच दिवस बरोबर त्याच जागी येऊन बसत आणि प्राचार्य मला येता-जाता सुनावत. सरांना सांगायची त्यांची छाती नव्हती.

आता मुख्य गोष्ट. असं यंत्र उभारायचं तर जमीन स्थिर हवी. इलेक्ट्रॉनांची धार केसाहून बारीक असते. खालचा चुंबक जरासा उचलला गेला तरी किरण सरकतो, मग छाप पुसट होतो आणि तपासणीचं चित्र फिसकटतं. म्हणून सर जिल्हाभर जागा बघत फिरले. रिसोडहून बसनं मालेगाव, तिथून जीपनं पुढं. सोबत दुर्बीण नाही, यंत्र नाही. एक स्टीलचा पेला आणि पाण्याची बाटली. चपला काढायच्या, जमिनीवर काठोकाठ पाणी भरलेला पेला ठेवायचा आणि त्याच्याकडे बघत उकिडवं बसायचं. शेलूबाजारला महामार्गाशेजारी असे बसलेले असताना तिथल्या चहाच्या टपरीवरून सलीमभाई उठून आले. त्यांचा पाण्याच्या टँकरचा धंदा होता.

"काय नवस हाये का काका?"

"ट्रक मोजून राह्यलो."

"ट्रक तर तिकडून जाऊन राह्यले. तुमी पेल्यात काहून पाहून राह्यले?"

सरांनी त्यांना खाली बसवलं. लांबून ट्रक येत होता. ट्रक दिसायच्या आधी पाण्यावर बारीक लहर उठली. सलीमभाईंनी स्वतःच्या चपला काढल्या. त्या दिवसापासून ते सरांचे झाले. रस्त्यापासून बऱ्याच आतलं एक बरड त्यांनीच दाखवलं. बरड म्हणजे दगडगोट्यांची उथळ जमीन, पीक म्हणून धड येत नाही. तिथं महामार्गावरून कितीही ट्रक जावोत, पेल्यातलं पाणी ढिम्म. चार ठिकाणी खणलं, चारही ठिकाणी हातभरावर मुरूम लागला. सर त्या बरडावर जीव टाकू लागले. त्यात ते काकूंच्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर. काकू वरवर म्हणायच्या, "आमच्या माहेरचं बरड बी यायले चांगलं, माणसं नाई." पण त्यांनी माहेरी फोन करून सगळ्यांना सांगून टाकलं होतं की जावईबापू आपल्याकडे मोठं काम आणून राह्यले.

आणि खरंच आणत होते. काही संस्थांनी मिळून असं यंत्र उभारायचं ठरवलं आणि आराखडा सरांचा घेतला. आराखडा पक्का झाला. जागा ठरायची होती. शेवटी दोन जागा उरल्या. एक आमचं बरड आणि दुसरी परराज्यात, खूप लांब, एकसंध खडकावर. सरांचे गुडघे गेलेले होते. मालेगावची बस त्यांना जमत होती, रात्रभराचा प्रवास जमत नव्हता. यंत्र तिकडं झालं असतं तर कागदावर ते सरांचं राहिलं असतं आणि डोळ्यांनी त्यांना कधी दिसलं नसतं. हे घरात कुणी बोलत नसे, पण आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

जागा तपासायला त्या संस्थांनी नेमलेल्या समितीच्या लोकांनी बरडावर आधीच येऊन कड्याच्या रेषेवर सिमेंटचे लहान ओटे घातले, त्यावर उपकरणं बसवली आणि तारा एका मांडवात आणल्या. कित्येक दिवस उपकरणांची रेघ सपाट होती. सर रोज सलीमभाईंना फोन करत आणि ते सांगत, "काका, झोपलेलं हाये तुमचं बरड."

समितीच्या भेटीचा दिवस चैत्रातला, उन्हाचा. अध्यक्ष एक बाई होत्या, कधीकाळी सरांच्याच हाताखाली शिकलेल्या. गाडीतून उतरून त्यांनी सरांना वाकून नमस्कार केला तेव्हाच गावकऱ्यांनी जागा आपली झाली असं धरलं. काकू नवीन लुगड्यात, माहेरच्या बायकांच्या मधोमध उभ्या. बरड ओलंगार, धुळीचा कण नाही.

मांडवात बाईंनी संगणक उघडला आणि त्यांचा चेहरा उतरला. आदल्या संध्याकाळपर्यंत सपाट असलेल्या काही रेघा चढत होत्या. सगळ्या नव्हे, उत्तरेकडच्या अर्ध्या ओट्यांच्याच. अर्धं कडं उचललं जात होतं.

"हे काय सर?" बाईंनी विचारलं.

सर बोलायच्या आत सलीमभाई छाती काढून पुढं आले. "काल सांजच्याले टँकर रिकामा केला मॅडम, इथून तिथून. काकूंनी सांगतलं होतं, पाहुणे येऊन राह्यले, धूळ नाई उडाली पाह्यजे."

त्या भागात पाहुणा यायचा म्हटलं की आधी अंगणात सडा पडतो. अंगण मोठं असलं तर टँकर येतो. काकूंच्या माहेराला त्यांच्या जन्मात एवढे मोठे पाहुणे कधी आले नव्हते. सगळ्यांनी एकदम काकूंकडे पाहिलं. त्यांनी पदर ओढून घेतला.

बाईंनी मात्र सुटकेचा श्वास सोडला. "मग काही काळजी नाही सर. हे टँकरचं पाणी. ही नोंद आपण रद्द करू. वाळू द्या, पुन्हा मोजू, रेघ सपाट येईल. बाकी सगळं तुमच्या बाजूनं आहे."

गावकरी हसायला लागले, कुणी टाळ्याही वाजवल्या. सर मांडवाबाहेर गेले. उत्तरेकडच्या ओट्यापाशी बसले, गोटे बाजूला केले, मातीत बोट घातलं. आम्ही उन्हात त्यांच्याभोवती उभे. बोट आतपर्यंत काळं झालं होतं. वरून बरड दिसत होतं खरं, पण खाली कधीतरी बुजलेला नाला होता, काळ्या मातीनं भरलेला. खणलेले चारही खड्डे नेमके त्याला चुकवून गेले होते.

"सलीमभाई, पाणी सगळीकडं सारखं टाकलं का?"

"एकदम सारखं काका. खुदा कसम."

सर उठले. उठायला त्यांना माझा हात लागला. बाईंना म्हणाले, "नोंद रद्द नोको करू. पाणी टँकरचं असो का आभाळाचं, मातीले काय त्याचं? टँकर काल आला. आभाळ दर सालीच येते. दर पावसाळ्यात हे अर्धं कडं उठन आन अर्धं बसून राहीन."

"सर, नाला उपसून काढता येईल. खडकापासून भरून घेऊ."

"वरच्या सगळ्या वावराईचं पाणी इथूनच उतरते. तू किती उपसशीन? तिकडं तुह्याजवळ अख्खा खडक हाये. तिकडं कर."

गावातले एक पुढारी रागानं म्हणाले, "काय राजेहो, आपल्याच अन्नात माती कालवून राह्यले तुमी!" मला त्या क्षणी सरांचा विलक्षण अभिमान वाटला आणि थोडा रागही आला. बाईंनी त्यांना पळवाट दिली होती, ती खोटीही नव्हती, आणि या माणसाला तीही घेता येईना.

पुढं जे व्हायचं तेच झालं. जागा गेली, आणि का गेली याचा लोकांनी सोपा अर्थ लावला. सरांच्या बायकोनं टँकर आणला आन यंत्र बुडवलं. नाला, माती, पावसाळा हे कुणी लक्षात ठेवत नाही; टँकर सगळ्यांना दिसतो. काकू त्या साली माहेरी गेल्या नाहीत. सकाळी दारासमोर सडा घालणंही त्यांनी बंद केलं, नुसतं झाडून घेत. सर समजवायचे, "अवं, तू पाणी टाकलं नसतं त ते तिथं झालं असतं, आन पहिल्याच पाण्यात सारं वाकडं झालं असतं. तू वाचवलं त्याले."

"मले बरं वाटावं म्हणून बोलून राह्यले तुमी," त्या म्हणायच्या आणि लेझरखालून वाकून निघून जायच्या. टॉवेल टाकायच्या नाहीत. टॉवेल टाकत नाहीत म्हणून सरांची जास्त घालमेल व्हायची.

सरांना स्वतःला काय वाटलं, हे मी एकदा विचारून पाहिलं. "जागा चुकीची होती," एवढंच म्हणाले.

यंत्र तिकडं खडकावर उभं राहिलं आणि चाललं. तोवर माझी बदली झाली होती. नव्या यंत्रावर शिक्षकांसाठी शिबिर निघालं तेव्हा मी नाव घातलं आणि आधी रिसोडला जाऊन सरांना सांगितलं. मला वाटलं ते फोटो काढून आण म्हणतील. त्यांनी सलीमभाईंना फोन लावला. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात स्टीलच्या दोन डब्या आल्या. एकीत बरडाच्या दक्षिण बाजूचा मुरूम, दुसरीत उत्तरेच्या नाल्यातली काळी माती. "कोरडी पाहा, मंग थेंबभर पाणी टाकून पाहा," त्यांनी बजावलं. "दोन्ही पाहा."

अध्यक्ष बाईंनी डब्या कुठल्या आहेत हे ऐकलं आणि यंत्रावरचा कुणाच्या तरी वाट्याचा वेळ काढून मला दिला. सरांचं कडं मी डोळ्यांनी पाहिलं. ते सांगत तसंच होतं, जिनिंगच्या शेडएवढं. सर सोडून आम्ही सगळे तिथं होतो, हे मला फार लागलं.

चित्रं छापून मी रिसोडला नेली. काकू भाकरी थापत होत्या. सरांनी पाट ओढला, काकूंच्या समोर बसले आणि चित्रं पिठाच्या परातीशेजारी मांडली. मुरमाची दोन चित्रं सारखीच होती, कोरडी काय आणि ओली काय. काळ्या मातीचं कोरडं चित्र एकावर एक बसलेल्या पातळ पापुद्र्यांचं होतं. ओल्या चित्रात तेच पापुद्रे फुगून एकमेकांपासून सुटले होते.

काकूंनी पिठाचे हात पुसले आणि चित्र डोळ्यांजवळ धरलं. "चिरोट्यावानी पदर हायेत."

"हो. ह्या पदराईत पाणी शिरते आन ते एकमेकाले ढकलते. त्याच्यानं उठते ते. मातीची जातच तशी हाये."

"म्हंजे पाणी कोणंबी टाकलं असतं, तरी?"

"कोणंबी."

काकूंनी ओलं चित्र कोरड्याशेजारी ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमचं यंत्र बरडावर झालं असतं, त हा फोटो आपल्या इथंच निघाला असता ना?"

"इथं निघालाच नसता. फिसकटला असता."

"मंग म्या टाकलं ते बरंच झालं म्हणा."

"हो," सर म्हणाले. "बरं झालं." त्यांनी चित्रं गोळा केली, कडा नीट जुळवल्या आणि परत खाली ठेवली. मी तिथं आहे हे ते विसरले असावेत.

"पण मले ते इथंच पाह्यजे होतं वं."

"मले ठाऊक हाये," काकू म्हणाल्या.